धुळ्यातल्या सेकंड मालाच्या बुटांचं दुकान, आठ महिने वापरून मग लिहितोय

मी एमआर आहे, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी. सकाळी साडेआठला बूट पायात चढतात ते रात्री नऊलाच निघतात, हेडक्वार्टर धुळे आणि आठवडाभर शिरपूर, दोंडाईचा, शहादा, नंदुरबार, साक्री असं चालू असतं. लेदरचे चांगले फॉर्मल नवे घ्यायचे तर चार-पाच हजारांच्या खाली जोडी येत नाही आणि माझ्या फिरण्यात एक जोडी जेमतेम दीड वर्ष काढते, म्हणून गेली सहा-सात वर्षं मी सेलचे, सेकंडचे (म्हणजे वापरलेले नव्हे, कारखान्यानेच दोष बघून बाजूला काढलेले), एक्सपोर्ट सरप्लसचेच बूट घेतोय. दोनदा चांगलाच फसलो, बाकी वेळा फायद्यात राहिलो. आपल्याकडे लग्नसराईत खूप पोरं असे बूट घेतात आणि नेमकं चुकीच्या ठिकाणी बघतात, म्हणून दुकानाबद्दल लिहिता लिहिता बूट कसा तपासायचा तेही लिहितो.

दुकान आग्रा रोडच्या बाजूच्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर आहे. नाव देत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत. माल बराचसा आग्र्याचा, थोडा कानपूरचा, म्हणजे कारखान्याच्या तपासणीत बाजूला काढलेला किंवा ऑर्डरपेक्षा जास्त बनलेला. जोड्या १४०० पासून २८०० पर्यंत. काही डब्यांवर जुनी एमआरपी ४९९९, ५९९९ अशी दिसते, पण त्या आकड्याकडे बघून खूश व्हायचं नाही, एमआरपी कितीही असो, तुमच्या हातातल्या जोडीत काय बिघडलंय त्यावर तिची किंमत ठरते. मी गेल्या गेल्या एकच विचारतो, "शेठ, ही स्वस्त का आहे?" ह्या शेठचं मला आवडलं ते हे की तो "काही नाही भाऊ, एकदम फर्स्ट माल" असं म्हणत नाही. जोडी उलटीसुलटी करतो आणि जे आहे ते दाखवतो. काही बुटांवर कारखान्यातल्या तपासणीवाल्याने लावलेलं बारीक लाल बाणाचं स्टिकर अजून तसंच असतं, बाणाचं टोक जिकडे तिकडे दोष. असं स्टिकर दिसलं तर काढायला लावू नका, त्याच्याएवढा खरा माणूस दुकानात दुसरा नाही. पण बाण एक दोष दाखवतो, बाकीचं आपल्यालाच बघायचं असतं.

आधी मी फसलो ते सांगतो, कारण ह्यातलं सगळ्यात महत्त्वाचं मला तिथेच कळलं.

दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका सेलमधून ११०० रुपयांत काळे बूट घेतले होते. डब्यात पॅक, कागदात गुंडाळलेले, एक ओरखडा नाही, वरचं लेदर तर इतकं मऊ की दुकानात चार जणांना दाखवलं. तीन आठवडे घातले. चौथ्या आठवड्यात दोंडाईच्याला डॉक्टरांच्या वेटिंगमध्ये बसलो होतो, नंबर आला म्हणून उठलो, चार पावलं टाकली आणि मागून एक आजीबाई म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या बुटातून काहीतरी सांडतंय." मागे वळून बघतो तर पांढऱ्या फरशीवर काळा चुरा, भाकरी कडक झाल्यावर हाताने चुरतो ना तसा, प्रत्येक पावलाला एक ढीग. उजव्या बुटाची टाच अर्धी गायब. तसाच डॉक्टरांसमोर उभा राहिलो, प्रॉडक्टचं काय बोललो ते आठवत नाही.

स्टँडजवळ एक नाना बसतात, बूट दुरुस्तीवाले. "काय व्हयनं भाऊ?" म्हणत त्यांनी बूट हातात घेतला, अंगठ्याने सोल दाबला, तर अंगठा आतच गेला. म्हणाले, "हाऊ सोल मरी गया भाऊ, आते याले इलाज नही." मी म्हटलं सोल्युशन लावून द्या ना, तर ते म्हणे चिकटवायचं कशाला, खाली काही उरलं तर पाहिजे.

नंतर वाचून कळलं ते असं की तो सोल पीयूचा म्हणजे पॉलियुरेथेनचा होता. पीयू वजनाला हलका, पायाला मऊ, म्हणून कंपन्या वापरतात, पण बऱ्याच पीयू सोलांमध्ये हवेतली वाफ हळूहळू शिरून आतली जोडणीच तोडत जाते. बूट वापरा नाहीतर डब्यात ठेवा, हे चालूच राहतं, उलट वर्षानुवर्षं बंद डब्यात दमट गोडाऊनमध्ये पडलेला बूट रोज घातलेल्या बुटाच्या आधी जाऊ शकतो. गरमी आणि दमटपणा दोन्ही असले की अजून लवकर. वरून नवाकोरा, आतून खल्लास. आणि सेलमध्ये येणारा माल हा नेमका पडून राहिलेलाच असतो हे लक्षात घ्या.

म्हणून आता मी कुठलाही स्वस्त बूट हातात घेतला की वरचं लेदर बघायच्या आधी सोल बघतो. टाचेच्या कडेला जिथे दिसत नाही तिथे नख दाबायचं. नख काढल्यावर खळगा भरून आला तर ठीक, खूण तशीच राहिली, चिकट लागलं किंवा कण निघाले तर जोडी खाली ठेवायची, ५०० ला दिली तरी नको. मग दोन्ही हातांनी पंज्याजवळ वाकवायचा आणि वाकलेल्या जागी बारीक भेगा दिसतात का बघायचं. मग डबा. पॅक मालावर महिना, वर्ष आणि एमआरपी छापायचा नियमच आहे, २०११ च्या पॅकेज्ड कमोडिटीजच्या नियमांत आहे ते, त्यामुळे डबा मूळचा असेल तर वय तिथेच कळतं. पीयू सोल असेल आणि तारीख तीन-चार वर्षांपूर्वीची असेल तर मी घेत नाही. रबराचा किंवा टीपीआरचा (थर्मोप्लास्टिक रबराचा) सोल असा चुरा होऊन जात नाही, रबर जुनं झालं की कडक होतं, घसरतं, पण पाय रस्त्यावर येत नाही.

ह्या दुकानाची पहिली तक्रार इथेच. अर्ध्या जोड्यांचे डबे मूळचे नाहीत, आत तपकिरी बूट आणि बाहेर काळ्याचा फोटो. शेठला विचारलं तर म्हणे लॉट पोत्यात येतो, डबे आम्ही नंतर जमवतो. खरं सांगितलं हे बरं, पण वय कळायचा रस्ता बंद होतो.

आता मी घेतलेल्या जोड्या. दिवाळीआधी गेलो होतो, एक तपकिरी डर्बी (लेसच्या बुटाचा एक प्रकार) १९०० ला आणि एक काळा १६०० ला घेतला. बिल मागितलं, कुरकुर न करता दिलं. (सप्टेंबर २०२५ पासून २५०० पर्यंतच्या जोडीवर जीएसटी ५ टक्के झालाय आणि त्याच्या वर १८, त्यामुळे 'बिल घेतलं तर खूप महाग पडेल' असं कोणी म्हणालं तर ह्या भावात ते खरं नाही.)

तपकिरी जोडीच्या डाव्या बुटाला बाहेरच्या बाजूला, टाचेच्या वर, बोटाच्या पेराएवढी एक रेघ होती. लाल बाण तिच्याकडेच. मी ती दाराशी उजेडात नेली. हे कराच, दुकानातल्या पिवळ्या बल्बखाली कुठलाही तपकिरी चांगलाच दिसतो. रेघेवरून नख फिरवलं तर नख अडकत नव्हतं, कडा मऊ होत्या, म्हणजे जनावर जिवंत असताना कुंपणाची तार वगैरे लागून भरलेल्या जखमेचा तो वण होता, ब्लेडचा काप नव्हता. कातड्यावर असे वण, किड्यांच्या चाव्याचे ठिपके, शिरांच्या फांद्या, मानेच्या वळ्या असतातच, खरं कातडं आहे त्याचाच तो पुरावा. कंपनीला एकसारखं दिसणारं पाहिजे म्हणून बाजूला काढतात, आपल्याला चालायला त्याने काही फरक पडत नाही. पण तीच रेघ जर वर पंज्याच्या घडीवर असती, जिथे बूट रोज हजार वेळा वाकतो, तर मी घेतला नसता, आणि ब्लेडने लागलेला ताजा काप सोलच्या जोडाजवळ असेल तर तो तिथूनच फाटत जातो. म्हणजे डाग किती मोठा ह्यापेक्षा डाग कुठे आहे ते बघा.

मग रंग. दोन्ही बूट शेजारी ठेवले तर उजवा जरा गडद. दोन बूट कातड्याच्या वेगवेगळ्या भागांतून किंवा वेगळ्याच दोन कातड्यांतून कापले गेले की असं होतं. काळ्यात हा प्रश्न येत नाही, तपकिरीत थोडा फरक असेल तर दोन-चार पॉलिशमध्ये बराचसा झाकला जातो, माझा झाकला गेला. टॅन रंगात मात्र जपून, तिथे फरक कायम दिसतो.

लेदर खरं आहे का हे बघायला लोक लायटर काढतात, मी स्वतः बघितलंय एका पोराला दुकानात नव्या बुटाला काडी लावताना. कृपा करून हे करू नका, खऱ्या लेदरवरचं फिनिशिंग पण जळतं आणि रेक्झिन पण जळतं, हातात उरतो फक्त जळका बूट. त्यापेक्षा जीभ बाहेर ओढा आणि तिची कापलेली कड बघा. चामडं असेल तर कडेला बारीक तंतू एकमेकांत गुंतलेले दिसतात, रेक्झिन असेल तर वर प्लास्टिकचा पापुद्रा आणि खाली विणलेलं कापड. युरोपच्या एक्सपोर्टचा माल असेल तर आत किंवा तळाला चित्रांचं लेबल असतं, युरोपातला १९९४ चा नियम आहे तो, वरचा भाग, अस्तर आणि सोल कशाचा ते चित्राने दाखवायचं. पसरलेल्या कातड्याचं चित्र म्हणजे लेदर, त्याच कातड्याच्या आत पत्त्यांतल्यासारखी चौकट असेल तर वर प्लास्टिकचा थर दिलेलं लेदर, नुसती चौकट म्हणजे दुसरं काही तरी, आणि विणल्यासारखी जाळी म्हणजे कापड. हे एकदा लक्षात राहिलं की सेल्समनला विचारायची गरजच उरत नाही. थर दिलेलं लेदर वाईट असतं असं नाही, पाऊस-चिखलात पुसायला सोपं पडतं, पण थर जाड असेल तर सहा महिन्यांत घडीवर रंगाला तडे जातात आणि ते पॉलिशने जात नाहीत. म्हणून पंज्यावर अंगठा दाबून आत ढकला, बारीक बारीक सुरकुत्या पडून सुटल्या की विरल्या तर कातडं घट्ट आहे. जाड वळ्या आल्या, वरचा पदर फुग्यासारखा सुटल्यासारखा वाटला तर तो पोटाकडचा ढिला भाग असतो, तो लवकर पसरतो आणि बूट बेढब होतो.

आता काळ्या जोडीकडे येतो, कारण इथे मी चुकलो आणि चूक दुकानाची कमी, माझी जास्त आहे.

काळ्याचं लेदर सुंदर होतं, आजही आहे. दोष म्हणून शेठने दाखवलं की उजव्या बुटाच्या आतल्या कमानीजवळ सोल थोडा सुटलाय. मी खिशातलं व्हिजिटिंग कार्ड काढून त्याचा कोपरा जोडात सरकवून बघितला, कार्ड अर्धा सेंटिमीटर आत गेलं. बाकी सगळीकडे फिरवलं, कुठेच जात नव्हतं. एवढी फट म्हणजे सोल्युशनचा हात कमी बसलाय, नानांनी जुनं घासून नवं लावलं, वरून चार टाके मारले, १२० रुपये, आठ महिन्यांत पुन्हा सुटलं नाही. हाच प्रकार पुढच्या टोकाला असता तर मी विचार केला असता, कारण चालताना तिथेच सगळ्यात जास्त ताण येतो.

पण ह्या फटीच्या नादात मी जोडी मागून बघितलीच नाही. दोन्ही बूट काचेच्या काउंटरवर शेजारी ठेवायचे, खाली वाकून डोळा टाचेच्या पातळीला आणायचा आणि मागची उभी शिलाई सरळ आहे का, दोन्हींची मागची कड सारख्या उंचीला आहे का ते बघायचं. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी डाव्या पायाच्या टाचेवरची शीर सोलून निघाली. मग मोजलं तर डाव्याची मागची कड उजव्यापेक्षा चार मिलीमीटर उंच. कारखान्यात फर्म्यावर (पायाच्या आकाराच्या साच्यावर) कातडं ओढून बसवताना तिरकं किंवा कमी ओढलं गेलं की असं होतं, आणि बूट एकदा फर्म्यावरून उतरला की तो आकार कोणी बदलू शकत नाही. पॉलिश, शिलाई, सोल्युशन, काहीच कामाचं नाही. नानांनी आत टाचेखाली अर्धा पॅड टाकून पाय वर उचलला, ६० रुपये, आता चावत नाही, पण संध्याकाळी पाय सुजला की ती टाच पुढे सरकते आणि अंगठा दुखतो. ही जोडी मी आता लोकल कामालाच घालतो, शहादा-नंदुरबारला नाही.

म्हणून माझं पक्कं मत झालंय, कातडीवरचा दोष पैसे वाचवतो आणि बांधणीतला दोष पाय खातो. टो-कॅपची, म्हणजे पुढच्या टोकावरच्या वेगळ्या तुकड्याची, रेघ दोन्ही बुटांवर टोकापासून सारख्या अंतरावर आहे का हे मी आता त्याच व्हिजिटिंग कार्डाने मोजतो, दोन-तीन मिलीमीटरपर्यंत सोडून देतो, त्याच्या वर नाही. काचेवर ठेवून टाचेवर बोट दाबतो, बूट डावीकडे-उजवीकडे डुगडुगला तर बाद. पुढचं टोक काचेपासून थोडं उचललेलं असणं बरोबर आहे, चालताना ते लागतं, तो दोष समजू नका. आणि हात आत घालून अगदी टोकापर्यंत बोटं फिरवतो, अस्तराची घडी, खिळ्याचं टोक, वाळलेल्या सोल्युशनची गाठ, हे डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतं. शिलाईत एखादा टाका सुटलेला असेल तर तो कुठे आहे बघतो. नक्षीत असेल तर चालेल, लेसच्या पट्ट्या जिथे पंज्याला येऊन मिळतात तिथे असेल तर नाही, उसवायची सुरुवात तिथूनच होते.

साइजचं पण सांगतो, कारण इथे दुकान कमी पडतं. एक्सपोर्टच्या मालावर ४१, ४२ असे युरोपचे नंबर असतात, शेठ त्याचं सरसकट ७, ८ करून देतो. ४२ म्हणजे साधारण ८, पण आपल्या नंबरात एका आकड्याचा फरक साडेआठ मिलीमीटर आणि युरोपच्या नंबरात पावणेसात, त्यामुळे सगळीकडे तंतोतंत जुळत नाही, घालूनच बघा, दोन्ही पायांत, लेस बांधून, आणि रोज जे मोजे घालता तेच घालून. दोन्ही बुटांच्या आतला नंबर वाचा, माझ्यासमोर एका गिऱ्हाइकाला डावा ८ आणि उजवा ९ मिळाला होता, त्याला दुकानात कळलंच नसतं. जायचं संध्याकाळी, दिवसभर फिरून पाय सुजलेला असतो तेव्हा, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ ला असतो तेव्हा तर सकाळी फिट्ट बसलेला बूट दुपारी दोनला शिक्षा होते. पाय रुंद असेल तर लेसच्या पट्ट्या दोन्हीकडे उघडतात तो डर्बी घ्या, ऑक्सफर्डमध्ये त्या खालून बंद असतात, वर पाय दाबला जातो. दुकानात बसायला एकच स्टूल आहे आणि पायापाशी आरसा नाही, गर्दीत नीट घालून बघता येत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी चार-पाचच्या सुमाराला जा.

बदलून देण्याचं: दोन दिवसांत, रस्त्यावर न घालता आणलं तर बदलून देतो, पैसे परत नाही. सेकंड मालात हे ठीकच आहे. मी काळी जोडी वापरून नेली होती म्हणून मागणीच केली नाही, फक्त दाखवली. त्याने स्वतः दोन्ही बूट काउंटरवर ठेवून वाकून बघितले, म्हणाला "भाऊ, हे माझ्याही लक्षात आलं नाही", आणि पुढच्या खरेदीत दोनशे कमी करतो म्हणाला. केले पण, गेल्या महिन्यात मेव्हण्यासाठी एक जोडी घेतली तेव्हा आठवण न करून देता केले.

तपकिरी जोडीचं आजचं सांगतो. आठ महिने, आठवड्यातून तीन-चार दिवस. रात्री आत वर्तमानपत्राचा बोळा घालतो म्हणजे घाम ओढला जातो आणि आकार राहतो, लागोपाठ दोन दिवस घालत नाही. सोल टाचेच्या बाहेरच्या कडेला थोडा झिजलाय, तिथे नानांकडून टिकली मारून घेतली. मागच्या आठवड्यात पहिला पाऊस झाला, साक्री रोडला काळ्या मातीचा चिखल पार घोट्यापर्यंत आला, घरी येऊन ओल्या फडक्याने पुसला, उन्हात किंवा गॅसजवळ न ठेवता पंख्याखाली वाळवला, दुसऱ्या दिवशी क्रीम लावली, काही झालं नाही. आणि ती रेघ, ज्याच्यामुळे जोडी १९०० ला मिळाली, ती आता मलाही शोधून काढावी लागते.

दुकानाला पाचपैकी साडेतीन. एक काढला मूळ डबे नाहीत म्हणून आणि अर्धा त्या स्टुलाचा. शेठ म्हणतो नवीन लॉट आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी आणि मग दिवाळीच्या आधी येतो, ७ आणि ८ नंबर पहिल्या चार दिवसांत संपतात, १० आणि ११ वर्षभर पडलेले असतात. ते वर्षभर पडलेले घेणार असाल तर आधी सोलला नख लावा.